हुकूमशाहीतील वैज्ञानिकांवर अभ्यासमंडळात चर्चा कशी घ्यावी

नौपाड्यातील आमच्या अभ्यासमंडळात हा विषय पहिल्यांदा घेतला, तेव्हा अर्ध्या तासातच ‘शूर कोण आणि भेकड कोण’ अशी वाटणी झाली आणि चर्चा तिथेच खुंटली. तेव्हापासून मी सुरुवात व्यक्तींपासून न करता तारखांपासून करते.

फळ्यावर प्रथम ७ एप्रिल १९३३ लिहावे. त्या दिवशीच्या कायद्याने जर्मनीतील ज्यू आणि राजकीय विरोधक असलेल्या सरकारी नोकरांना, म्हणजे विद्यापीठांतील प्राध्यापकांनाही, काढून टाकण्याची वाट मोकळी झाली. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना सवलत होती. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फ्रँक यांना ती मिळत असूनही त्यांनी राजीनामा दिला. रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनीही स्वतःची खुर्ची सोडली. भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक मात्र राहिले. मे महिन्यात हिटलरला भेटून त्यांनी हाबर यांच्यासारख्या ज्यू वैज्ञानिकांची बाजू मांडली, ती व्यर्थ गेली. ते अध्यक्ष असलेल्या कैसर विल्हेल्म या संशोधन संस्थेतून ज्यू सहकारी जातच राहिले. आणि त्याच प्लांक यांनी जानेवारी १९३५ मध्ये, सरकारने प्राध्यापकांना उपस्थितीची बंदी घातलेली असताना, दिवंगत हाबर यांची स्मृतिसभा घेतली. इथे घाई करू नये. प्लांक यांच्या राहण्याने कोण वाचले आणि राजवटीला कोणती प्रतिष्ठा मिळाली, हे दोन प्रश्न एकत्र विचारावेत. माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक जड आहे, पण ते सदस्यांना आधी सांगू नये.

त्यानंतर सोव्हिएत संघाकडे वळावे. आनुवंशिकीचे अभ्यासक निकोलाय वाविलोव यांना १९४० मध्ये अटक झाली, १९४३ मध्ये ते सारातोवच्या तुरुंगात वारले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये आनुवंशिकी नाकारणाऱ्या कृषितज्ज्ञ लिसेन्कोच्या मताला स्टालिनची मान्यता मिळून आनुवंशिकीचे अध्यापनच बंद पडले. याउलट १९३८ मध्ये पकडलेले भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लांदाऊ वर्षभराने सुटले, कारण त्याच क्षेत्रातील प्योतर कापित्सा यांनी सत्ताधाऱ्यांना पत्रे लिहून त्यांची हमी घेतली. हा फरक कापित्सांच्या धैर्यामुळे की राज्याला भौतिकशास्त्राची गरज होती म्हणून, यावर आमच्याकडे सर्वांत कसदार बोलणे झाले.

लष्करी राजवटीखालच्या अर्जेंटिनातील २९ जुलै १९६६ ची रात्र, ज्या रात्री पोलिसांनी ब्यूनस आयर्स विद्यापीठातील शिक्षक आणि विद्यार्थ्यांना मारहाण केली आणि पुढे अनेकांनी देश सोडला, शेवटच्या पंधरा मिनिटांत सांगता येते. या सर्व तारखांचे एक पान सदस्यांना दोन दिवस आधी द्यावे.