उंदराच्या हृदयावर रेझव्हेराट्रॉल: एम.फार्म.चा प्रोजेक्ट घेताना

नाशिकमध्ये फार्माकॉलॉजी घेतली की विषय म्हणून द्राक्ष सुचतंच. पण बाजारातल्या द्राक्षांचा अर्क काढलात तर फवारणीचे अवशेषही सोबत येऊ शकतात, मग गुण नेमका कशाचा? त्यापेक्षा द्राक्षातलं संयुग, रेझव्हेराट्रॉल, शुद्ध ट्रान्स रूपात विकत घ्या. उजेडाने त्याचं सिस रूप (त्याच रेणूची वेगळी मांडणी) होतं, म्हणून बाटली आणि सस्पेन्शन दोन्ही फॉइलमध्ये ठेवा.

प्राणी नीतिसमितीकडे अर्ज करतानाच आयसोप्रोटेरेनॉलच्या (हृदयाला मुद्दाम इजा करण्यासाठी द्यायचं औषध) प्रत्येक ग्रुपला सहाऐवजी आठ उंदीर मागा. काही दगावतातच, आणि मंजुरीनंतर आकडा वाढवणं म्हणजे नव्याने अर्ज. वजन 180 ते 220 ग्रॅममध्येच ठेवा. लठ्ठ, वयस्क उंदीर या औषधाने जास्त मरतात.

21 दिवस तोंडाने रेझव्हेराट्रॉलचा डोस: 20 मिग्रॅ प्रति किलो धरला तर 200 ग्रॅमच्या उंदराला 4 मिग्रॅ, 0.5 टक्के सीएमसीच्या (द्रावण घट्ट करणारा पदार्थ) 1 मिलीत. पावडर तळाशी बसते. प्रत्येक वेळी हलवूनच सिरिंज भरा. वजन दर आठवड्याला घ्या.

खरी परीक्षा शेवटच्या तीन दिवसांत. आयसोप्रोटेरेनॉल 85 मिग्रॅ प्रति किलो, कातडीखाली, 24 तासांच्या अंतराने दोनदा. म्हणजे त्याच उंदराला दर वेळी 17 मिग्रॅ. द्रावण सलाइनमध्ये त्याच सकाळी करा. गुलाबी झालं तर ऑक्सिडेशन झालंय, फेकून द्या. कालचं वापरलं तर इजाच कमी होते आणि तुमचं संयुग फुकट गुणकारी ठरतं!

दुसऱ्या इंजेक्शननंतर 24 तासांनी, भूल देऊन रक्त घ्या. घाईत ओढलं की तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्यातच भरपूर एलडीएच (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) असल्याने आकडा हृदयाशिवायच चढतो. लालसर सीरम सरळ बाद करा. अर्धा तास गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूज.

हृदयं आधीच वाटून ठेवा. टीटीसीत (जिवंत ऊती रंगवणारं रसायन; 1 टक्का, 37 अंश, 15 ते 20 मिनिटं) बुडवलेलं हृदय ग्लुटाथायोन (पेशींतलं अँटिऑक्सिडंट) मोजण्यासाठी चालत नाही. टीटीसीत जिवंत भाग विटकरी लाल होतो, मेलेला फिकट राहतो. ग्लुटाथायोन आणि एमडीए (मेदाच्या ऑक्सिडेशनची खूण) यांसाठीचं हृदय लगेच बर्फाच्या सलाइनमध्ये टाका. हिस्टोपॅथॉलॉजीचा (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा) तुकडा डाव्या जवनिकेच्या टोकाकडचा घ्या, इजा तिथे ठळक असते.

निष्कर्षात ‘उपचार’ लिहू नका. डोस इजेच्या आधी दिलाय, तेव्हा फार तर ‘प्रतिबंध’. आणि स्टँडर्ड (तुलनेचं औषध) म्हणून बीटा-ब्लॉकर, म्हणजे बीटा रिसेप्टर अडवणारं औषध, घेतला असेल तर व्हायव्हात हमखास विचारतात: तो हृदय वाचवतो, की आयसोप्रोटेरेनॉलला रिसेप्टरवरच अडवतो?