जपानी, चिनी, कोरियन शिकायला कॉलेज निवडताय? गोव्याच्या मुलांनो, या चुका टाळा

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. गेल्या खेपेला डिचोलीहून एका आईचा आला. "ताई, पोरीला कोरियन शिकायचंय. एका कॉलेजचं माहितीपत्रक आलंय, फी भरू का?" मी विचारलं, आठवड्याला भाषेचे तास किती? त्यांना ठाऊक नव्हतं. माहितीपत्रकात वसतिगृह होतं, जिम होती, परदेशी पाहुण्यांचे फोटो होते, पण तासांचा आकडा कुठेच नव्हता.

मी फोंड्यात घरी जपानीचे वर्ग घेते. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिते.

नाव बघून प्रवेश घेणं

माझ्या पदवीच्या नावात 'जपानी' हा शब्द ठळक होता. वेळापत्रक हातात आलं तेव्हा कळलं, भाषा सोमवारी दोन तास आणि गुरुवारी दोन तास. बाकी वेळ जपानचा इतिहास, अर्थकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, आणि तेही इंग्रजीतून. ते विषय वाईट नव्हते, पण मी भाषेसाठी गेले होते. तिसऱ्या वर्षी एक जपानी अभियंता पाहुणे आले. जपानी किती वर्षं शिकताय, असं त्यांनी विचारलं. ते वाक्य कळलं, उत्तरही दिलं: "सान्नेन." तीन वर्षं. त्यानंतर ते जे बोलले त्यातलं मला काहीच कळलं नाही. मी नुसती मान डोलावत उभी राहिले.

आता हिशेब बघा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची आपल्या अधिकाऱ्यांसाठी भाषाशाळा आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला कामापुरती भाषा यायला वर्गातले किती तास लागतात, याचे तिचे ठोकताळे आहेत. पोर्तुगीज किंवा फ्रेंचला साधारण 600 ते 750 तास, जपानी, चिनी आणि कोरियनला 2200. आठवड्याला चार तास, वर्षाला तीस आठवडे धरले तर तीन वर्षांत 360 तास होतात. बारा तास असतील तर 1080. गोव्यात शाळेत पोर्तुगीज किंवा फ्रेंच घेतलेली मुलं इथेच फसतात. तेव्हा दोन वर्षांत बऱ्यापैकी जमलं होतं, तसंच हेही जमेल असं त्यांना वाटतं.

म्हणून पहिला प्रश्न एकच: पहिल्या वर्षाचं वेळापत्रक दाखवा. कार्यालयातून ते मिळत नसेल तर दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठा, त्याच्या मोबाईलमध्ये असतंच. 'पूर्व आशिया अभ्यास' आणि 'जपानी भाषा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही लक्षात ठेवा. दिल्ली विद्यापीठाचा पूर्व आशिया अभ्यास विभाग नावाजलेला आहे, पण तिथली त्या नावाची एम.ए. मुख्यतः त्या देशांचा इतिहास, राजकारण आणि समाज शिकवते. तेच हवं असेल तर जरूर जा.

तीनही भाषा सारख्याच समजणं

मराठी माणसाला जपानी आणि कोरियनची वाक्यरचना घरची वाटते. 'वाताशी वा रिंगो ओ ताबेमासु' म्हणजे मी सफरचंद खाते. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, आणि तो 'ओ' आपल्या विभक्तीच्या प्रत्ययासारखा शब्दामागे चिकटलेला. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे उलटंपालटं करून घ्यावं लागतं, आपल्याला नाही. लिपीत मात्र अशी कुठलीच सवलत नाही. जपान सरकारच्या नेहमीच्या वापराच्या यादीत 2136 कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं, आहेत. जन्म-जीवन या अर्थाचं पाच रेघांचं एक साधं अक्षर घ्या. शिक्षकाच्या 'सेन्सेई'त ते 'सेई', वाढदिवसाच्या 'तांजोबी'त 'जो', जन्मण्याच्या 'उमारेरु'त 'उ' आणि एकटं आलं तर 'नामा', म्हणजे कच्चं. चौकटीच्या वहीत रोज एक पान उतरवायची तयारी असेल तरच हे जमतं.

कोरियनची हंगुल लिपी आठवड्यात वाचता येते, मूळ अक्षरं चोवीसच. मालिका बघून आलेली मुलं त्यामुळे हुरळतात. त्या आवडीला मी कधीच नाव ठेवत नाही, तीच पुढे टिकवते. पण खरी कसोटी नंतर लागते. समोरचा कोण आहे यावर तिथे क्रियापदाची शेपटी बदलते, आणि आपल्या तू-तुम्ही-आपणपेक्षा ते बरंच गुंतागुंतीचं आहे. चिनीत सूर चुकला की 'मा' म्हणजे आई होते नाहीतर घोडा. तिथे वर्ग लहान आणि कान तयार करणारा शिक्षकच हवा. चाळीस मुलांत तुमचा सूर कोण दुरुस्त करणार?

शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर आणखी एक बघा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावरच्या परदेशी भाषांची नावं दिली आहेत. त्यांत जपानी आणि कोरियन आहेत, चिनी नाही.

फक्त जवळचं, किंवा फक्त दिल्लीचं बघणं

वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस पुण्यावरूनच दिल्लीला जाते. आपल्या मुलांचे दोन मोठे पर्याय या एकाच गाडीच्या वाटेवर आहेत. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे, आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठातही जपानी आहे. दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तीनही भाषांत बी.ए. ऑनर्स करता येतं. 2022 पासून तिथला प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो, आणि तिचा अर्ज बहुतेक वर्षी बारावीच्या निकालाआधीच बंद होतो. निकालानंतर बघू म्हणणाऱ्यांचं वर्ष इथेच जातं. शांतिनिकेतनचं चीना भवन, म्हणजे तिथला चिनी भाषेचा विभाग, 1937 सालचं आहे, तेही विसरू नका.

कामाचाही विचार करा. कोरियन कंपन्या म्हटलं की चेन्नईजवळचं श्रीपेरुंबुदूर, जपानी म्हटलं की गुरुग्राम, नीमराणा, पुणे. पर्यटनाच्या जोरावर घरी राहूनच पोट भरेल असं धरून चालू नका.

परीक्षेची पातळी न विचारणं

"तुमची मुलं पदवी घेताना कुठल्या पातळीला असतात?" असं विभागात सरळ विचारा. जपानीची जेएलपीटी ही भाषेची पातळी ठरवणारी परीक्षा सगळ्यांत सोप्या एन-5 पासून सगळ्यांत अवघड एन-1 पर्यंत चढते. तिच्यात बोलण्याची परीक्षा नसते, म्हणून नुसत्या प्रमाणपत्रांवर भुलू नका. वर्गात मुलं बोलतात का, ते मागच्या बाकावर बसून ऐका. कोरियनच्या अशाच 'टॉपिक' नावाच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो, तेव्हा ती पहिल्या वर्षी देऊन ठेवण्यात फारसा अर्थ नाही. जपान सरकारची एक वर्षाची जपानी भाषा-संस्कृतीची शिष्यवृत्ती तर जपानी भाषा किंवा संस्कृती हाच मुख्य विषय घेऊन पदवी करणाऱ्यांनाच मिळते. बी.कॉम.च्या जोडीला केलेला डिप्लोमा तिथे चालत नाही.

प्रवेश घेऊन बसलात, आता काय?

घाबरून कॉलेज सोडू नका. 2022 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, नियमांनुसार दोन पदव्या एकाच वेळी करता येतात. दुसरी ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची घेणार असाल तर ती यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे पैसे भरण्याआधी बघा. तास कमी पडत असतील तर बाहेरची शिकवणी लावा. मी पदवीनंतर दोन वर्षं तेच केलं आणि गेलेली भाषा परत मिळवली. जेएलपीटीला कॉलेजचा शिक्का लागत नाही, कुणीही बसू शकतं, आणि पुण्यात केंद्र आहे. परीक्षा जुलैत आणि डिसेंबरात होते. डिसेंबरचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात, म्हणजे नेमके आपल्या चवथीच्या गडबडीत. माटोळी बांधायला घेण्याआधी भरून टाका.