अल्ट्रावाईडने बिल्डिंगचे फोटो काढताना भिंती पडल्यासारख्या काहून दिसतात

नवीन अल्ट्रावाईड लेन्स (खूप रुंद दृश्य एका फोटोत मावणारी) घेतली की आपण पहिले काय करतो, तर इमारतीच्या अगदी पायथ्याशी जाऊन उभं राहतो, कॅमेरा वर करतो आणि खटाखट फोटो. मी पण हेच केलं होतं नागपूरच्या दीक्षाभूमीला. घरी येऊन पाहतो तर खांब सगळे आत झुकलेले, आणि घुमट कोपऱ्यात आला होता तो चक्क अंड्यासारखा लांबट. वाटलं लेन्सच खराब आली. लेन्स बरोबर होती, मी चुकलो होतो.

कॅमेरा वर वाकवला की उभ्या रेषा वरती एकमेकींकडे सरकतात, आणि लेन्स जेवढी वाईड तेवढं ते जास्त डोळ्यात येतं. म्हणून कॅमेरा एकदम सरळ धरा, समोर पाहणारा, स्क्रीनवरची लेव्हल किंवा ग्रिड चालू करून. मग इमारतीचा माथा कापला जातो ना? तर मागे सरका. फुल फ्रेमवर (म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १६ एमएमच्या लेन्सला, उभ्या फ्रेममध्ये, इमारत जेवढी उंच साधारण तेवढंच अंतर मागे गेलं की माथा मावतो, म्हणजे दीक्षाभूमीचा स्तूप सुमारे १२० फूट उंच, तर १२० फूट मागे. आडव्या फ्रेमला त्याच्या सव्वापट-दीडपट धरा. खाली रस्ता फुकटचा खूप येतो तो नंतर क्रॉप करा, नाहीतर त्यात काही ठेवा, फरशीच्या रेषा, पावसाचं डबकं, सायकल, काहीही. समोरच्या बिल्डिंगच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर जाता आलं तर सोन्याहून पिवळं, रस्ता कमी होतो.

क्रॉप सेन्सरवाल्यांनी (ज्यांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान) १०-१८ एमएमची लेन्स घेतली तरी ती फुल फ्रेमच्या १५-१६ पासून २७-२९ पर्यंतच पडते, हे लक्षात असू द्या. मोबाईलच्या ०.५ ला (त्याच्या वाईड कॅमेऱ्याला) पण हेच सगळे नियम, फक्त त्याचे कोपरे जरा मऊ, म्हणजे अस्पष्ट येतात.

आता अंड्याचं. साधी अल्ट्रावाईड रेषा सरळ ठेवते पण त्याची किंमत कडेला वसूल करते, तिथली गोल वस्तू बाहेरच्या बाजूला ताणली जाते, माणूस असला तर तो जाडा दिसतो आणि मग मित्र चिडतात. घुमट, गोल खिडकी, माणसं, हे मधे ठेवा. फिशआय (फुगीर काचेची, जवळपास १८० अंश पाहणारी लेन्स) उलटी आहे, गोलाला फार ताणत नाही पण सरळ रेषा वाकवते, मात्र फ्रेमच्या मधोमध जाणारी रेषा सरळच राहते. म्हणून क्षितिज मधोमध ठेवलं तर फिशआयचा फोटो पाहून कोणाला पटकन कळतही नाही.

फिशआय मला खरी आवडते ती घुमटाखाली. बरोबर मध्यबिंदूखाली कॅमेरा जमिनीवर ठेवा, लेन्स वर, टायमर लावा आणि स्वतः दूर व्हा. १८० अंशात तुमचे पाय पण येतात बरं. एक वीतभर इकडेतिकडे झालं तरी वर्तुळं एकात एक बसत नाहीत, तेव्हा चार-पाच शॉट घ्या. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे, पण ते श्रद्धेचं ठिकाण आहे, आत कॅमेरा काढायच्या आधी विचारायचं, नाही म्हटलं तर बॅगेत ठेवायचा, वाद घालायचा नाही.

उन्हाचं तर नागपुरात सांगायलाच नको. एवढ्या वाईड फ्रेममध्ये सूर्य कुठून ना कुठून घुसतोच आणि फुगीर काचेवर फ्लेअर (उजेडाचे डाग) मारतो, बऱ्याच फिशआयला समोरून फिल्टर पण लागत नाही. पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) लावू नका, आभाळाचा एक तुकडा गडद आणि बाकी फिकट येतं. रेल्वे स्टेशनची १९२५ ची जुनी इमारत घ्यायची तर दुपारनंतर जा, मेन गेट पश्चिमेला आहे, संध्याकाळचं ऊन थेट दगडावर पडतं. सकाळी गेलात तर सूर्य इमारतीच्या मागे, समोरचा भाग काळपट.

अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) एफ ८ ते ११, त्यापुढे जायची गरज पडत नाही.

थोडं झुकलंच तर सॉफ्टवेअरमध्ये उभ्या रेषा सरळ करता येतात, पण तेव्हा कडा कापल्या जातात, त्यामुळे काढतानाच चारी बाजूंनी जागा सोडा. मी ती सोडली नव्हती, म्हणून माझ्या त्या पहिल्या फोटोत खांब आता सरळ आहेत पण घुमटाचा कळस गेला.