वृत्त, यमक, पुनरावृत्ती: कविता तपासताना या चुका टाळा

वृत्त म्हणजे ओळीतल्या लघु-गुरु अक्षरांचा ठरलेला क्रम. लघू अक्षराची एक मात्रा (उच्चाराच्या वेळेचं माप), गुरूच्या दोन. ते तपासताना सगळ्यात जास्त घोळ जोडाक्षरापाशी होतो. ‘जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू’ हे शाळेपासून पाठ असतं आणि आपण ते डोळे झाकून लावतो. ही ओळ बघा:

जुन्या अंगणी सावली लांब होते

‘जु’ गुरू धरलात तर मात्रा 21 भरतात आणि सुरुवातीलाच तीन गुरू ओळीनं येऊन बसतात. आता मोठ्यानं म्हणा. ‘सत्य’ म्हणताना ‘स’वर आघात येतो, तसा ‘जु’वर येतो का? नाही येत. म्हणून तो लघूच. ‘तुझ्या’, ‘पुन्हा’ यांचंही तेच. आता मोजा: लघु-गुरु-गुरु, म्हणजे ‘य’ गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट), चार वेळा. 12 अक्षरं, 20 मात्रा. स्वच्छ भुजंगप्रयात वृत्त.

अक्षरं 11च भरली? मग ‘लांब’मधला ‘ब’ गिळलात. बोलताना तो अर्धवट सुटतो, वृत्तात मात्र पूर्ण मोजायचा.

तरीही एखादी ओळ अडलीच, तर लगेच कवीला धरू नका. वृत्तासाठी ऱ्हस्वाचं दीर्घ किंवा दीर्घाचं ऱ्हस्व करायची मुभा पद्याला आहेच. छापताना कुणी तिथं ‘शुद्ध’ रूप घातलं असेल, तर बिघाड मुद्रितातला.

अभंगाला गण लावत बसू नका. ‘मोठा अभंग’ या प्रकारात चार चरणांची अक्षरं 6, 6, 6, 4 अशी असतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाच्या शेवटी. तिथं नुसती अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच अक्षर धरायचं.

यमकात फसवणारा शब्द म्हणजे ‘होते’. एक ओळ ‘दार होते’वर संपली, दुसरी ‘रात होते’वर, की लोक यमक जुळलं म्हणतात. ‘होते’ तर तोच शब्द पुन्हा आलाय! त्याच्या अलीकडे बघा: ‘दार’ आणि ‘रात’ जुळत नाहीत. ‘दार होते, फार होते’ असतं तर जुळलं असतं. गझलेच्या भाषेत ‘दार-फार’ हा काफिया, ‘होते’ हा रदीफ.

पुनरावृत्तीबद्दल ‘नादमाधुर्य निर्माण होते’ हे वाक्य मला वाचवत नाही. कुठल्याही कवितेला चिकटतं ते. त्यापेक्षा परत आलेली ओळ कोण म्हणतंय ते बघा. समजा, पहिल्या कडव्यात ‘दार उघड’ हे बाहेर उभा असलेला म्हणतो आणि शेवटच्या कडव्यात तेच शब्द आत कोंडलेल्याच्या तोंडी येतात. अक्षर एकही बदललेलं नाही, पण दाराची कडी आता दुसऱ्या बाजूला आहे.