रविवारच्या गर्दीत रस्सा कसा सांभाळायचा

कोल्हापुरात आमच्या खानावळीत रविवारी दुपारी एक ते तीन घाम पुसायला फुरसत नसते, आणि पांढरा रस्सा नेमका तेव्हाच फुटतो. कारण एकच. वेटर खिडकीतून "मामा, चार पांढरा!" ओरडतो, आपण आच वाढवतो, आणि नारळाच्या दुधाला कड आला की संपलं.

म्हणून सकाळीच सगळा रस्सा जुळवून ठेवू नका. मटणाची अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, एका शेगडीवर कडक गरम ठेवायची. नारळाचं दूध आणि काजू-खसखशीचं वाटण वेगळं. दर अर्ध्या तासाला लागेल तेवढंच एकत्र करायचं, मंद आचेवर, पळी फिरवत. वाफ दिसली, कडेला बारीक बुडबुडे आले, की उतरवा. तरी फुटलाच तर गाळून थोडं वाटण घालून मिक्सरला फिरवा. चालून जातो, पण मी स्वतः तो पिणार नाही.

तांबडा खारट झाला तर बटाटा टाकू नका. तो मिठाबरोबर रस्साही पितो. त्यापेक्षा दोन लिटर बिनमिठाची अळणी रोज बाजूला काढून ठेवा.

"तांबडा द्या, पण तिखट नको" म्हणणारे येतातच. वाद घालू नका, वरचा कट, म्हणजे तिखट तेलाचा तवंग, बाजूला काढून द्या.

आणि गॅसची 19 किलोची दुसरी टाकी भरलेली आहे का, हे पोराला विचारू नका. स्वतः हलवून बघा.