घाऊक ब्रॉडबँडचे दर ठरवताना आधी मार्जिन तपासा

कॅनडात छोटे इंटरनेट प्रोव्हायडर मोठ्या कंपन्यांच्या केबलवरून सेवा विकतात. त्यासाठीचे दर सीआरटीसी, म्हणजे तिथली दूरसंचार नियामक संस्था, ठरवते: ग्राहकामागे लाइनभाडं, शिवाय सगळ्या ग्राहकांना मिळून लागणाऱ्या क्षमतेचे पैसे, 100 एमबीपीएसच्या पटीत. दोन्हींची बेरीज किरकोळ दराशी ताडून बघा. समजा, गर्दीच्या वेळी माणशी 2.5 एमबीपीएस लागतात, म्हणजे 100 मध्ये 40 ग्राहक. तेवढ्या क्षमतेचे 400 डॉलर, लाइनचे 30. माणशी खर्च 40. मालक कंपनी स्वतः 45 ला विकत असेल, तर उरलेल्या पाचात मोडेम, कॉल सेंटर, बिलिंग भागणार कसं? ही तपासणी मालक कंपनीच्या सवलतीच्या दरावर करा, छापील दरावर नको. खरी गोम तिथेच असते.

दर अंतिम करायलाही रेंगाळू नका. 2016 चे तात्पुरते दर 2019 मध्ये उतरवले, 2021 मध्ये जवळपास पुन्हा तेच आणले. मधल्या काळात छोट्यांनी ग्राहकाला भाव सांगायचा तरी कोणता?