रिसीव्हर घेताना वॅटचा आकडा नीट वाचा

होम थिएटर रिसीव्हरच्या (स्पीकरना ताकद पुरवणाऱ्या यंत्राच्या) खोक्यावरचा वॅटचा मोठा आकडा बऱ्याचदा एकच चॅनल (म्हणजे एकाच स्पीकरची वाट), १ किलोहर्ट्झचा एकच सूर, ६ ओहम (स्पीकरचा विद्युत अवरोध) आणि १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती) धरून काढलेला असतो. माहितीपत्रकात ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, दोन चॅनल’ ही ओळ शोधा. खरी ताकद तिथे कळते. पाचही स्पीकर एकदम वाजले की तीही उतरते. पण म्हणून ८० ऐवजी १०० वॅटसाठी खिसा रिकामा करू नका. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल! तेवढं तर ८५ ऐवजी ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॅटमध्ये जास्त मोठा वाजणारा) स्पीकर घेऊनही मिळतं. स्पीकर ४ ओहमचे असतील तर रिसीव्हरला ते चालतात का, हे आधी विचारा. आणि हो, रिसीव्हर शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका, चांगलाच तापतो.